उद्या वळशील तेवढीच

साडेनऊला आई मांडीवरचं सूप खाली ठेवते,
विड्यांचे कट्टे मोजून फडक्यात बांधते,
तेव्हा खोलीत एक चौकोन रिकामा होतो,
मांडी घालून बसता येईल एवढाच.
तिथं मी तौफिकचा जुना लॅपटॉप उघडते.
बॅटरी मेलेली. वायर हलली की सगळं गेलं,
म्हणून प्लगवर डाव्या पायाचा अंगठा दाबून बसते.

साडेनऊ ते पावणेअकरा.
बाकीचा दिवस वाटून टाकलेला आहे:
सकाळ पॉलिटेक्निकला,
दुपारनंतर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कडा दुमडायच्या,
एका डझनाला किती ते सांगत नाही, लाज वाटते.
हा सव्वा तास तेवढा माझा,
त्यातली दहा मिनिटं मशीन जागं व्हायला जातात,
आणि पाच, मी काय करणार होते ते आठवायला.

शिकायचं बरंच होतं.
जावा, कारण पेपरात येतं.
पायथन, कारण गड्डम मॅडम म्हणतात, पुढं तेच चालणार.
डेटाबेस, कारण पुण्याला गेलेला शशिकांत
फोनवर दर वेळी विचारतो, "डेटाबेस केलीस का?"
आणि एक खेळ. त्याला कारण नाही.
गड्ड्यावरचा पाळणा स्क्रीनवर फिरवायचा,
वर गेलेल्या माणसाच्या हातातली टोपी
नेमकी खाली उभ्या बहिणीच्या ओढणीत पाडायची.

सगळं बसावं म्हणून वेळापत्रक केलं.
वहीत नाही, प्रोग्राममध्येच.
सोमवारी काय, मंगळवारी काय,
एक चुकलं तर दुसरं आपोआप पुढं सरकायचं.
अकरा रात्री गेल्या त्यात.
बाराव्या रात्री ते बिनचूक चाललं
आणि म्हणालं, या महिन्यात मोकळा वेळ शिल्लक नाही.
मी एकटीच हसले.
अंगठा सुटला. स्क्रीन काळी.

"काय करालीस ग अजून? पडुको," आई म्हणाली.
तिचं झोपेतलं बोलणं तेलुगूतच संपतं.

आमच्या घरकुलात पाणी पाचव्या दिवशी.
केव्हा, ते वाल्व्ह फिरवणाऱ्याला ठाऊक.
त्या रात्री पावणेदहालाच नळानं घसा खाकरला
आणि माझा सव्वा तास घागरीत गेला,
पिंपात, दोन बादल्यांत, शेवटी
भाजीच्या पातेल्यातसुद्धा.

शेजारची नवीन सून, लावण्या, पाटीभर पानं घेऊन आली,
पाणी आहे तोवर भिजवून घेते म्हणाली.
आईनं पाटी धरली.
"सगळी नको. उद्या वळशील तेवढीच भिजव.
उरली की काळी पडतात,
मग छाटीत जातात, अन् पैसे आपलेच."
लावण्यानं अर्धी पानं परत पोत्यात घातली,
जरा नाराजीनं, पुन्हा पुन्हा बघत.

मी बादली सरकवली.
मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री उघडलेल्या सतरा खिडक्या
एकेक करून बंद केल्या.
पायथन गेलं. डेटाबेस गेला,
शशिकांतला काय सांगायचं ते बघू.
वेळापत्रक पुसलं, त्याला थोडा वेळ लागला,
अकरा रात्री होत्या त्या.
जावा ठेवलं, पेपर वीस तारखेला आहे.

आणि पाळणा? तोही पोत्यात घालणार होते.
पण बोट थांबलं.
रविवारी टॉवेलवाले अर्ध्या दिवसाची सुट्टी देतात,
तेवढं एक पान भिजवून ठेवलंय.

आज टोपी अजून ओढणीत पडत नाही,
दर वेळी हातभर डावीकडं जाते.
कुठंतरी एक वजाबाकी उलटी आहे.
ती मी उद्या कडा दुमडताना शोधीन,
तेव्हा हात कामात असतात,
डोकं कुणी विकत घेतलेलं नाही.

पावणेअकरा. अंगठ्याला मुंग्या आल्यात.
आई कूस बदलते.
नळ कोरडा.